ईव्ही (इलेक्ट्रिक वाहनं) आणि शाश्वत वाहतूक या विषयाच्या मास्टर्सला जाण्याआधीची तयारी

अ‍ॅडमिशन पक्की झाली की सगळे आधी लॅपटॉपच्या मागे लागतात. तो नंतर घेतला तरी चालतो. आधी पदवीच्या जुन्या वह्या बाहेर काढा. मेकॅनिकलवाल्यांनी सर्किट आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या, इलेक्ट्रिकलवाल्यांनी थर्मलच्या. कसेबसे काढलेले विषयच इथे पहिल्या आठवड्यात समोर येतात.

उजळणी झाली का, हे बघायला एक गणित पुरे. ३.७ व्होल्टचे ९६ सेल सिरीजमध्ये जोडले की ३५५ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ वर जातो, म्हणजे पॅक ४०० च्या थोडा वर. आता तेवढीच पॉवर ८०० व्होल्टवर दिली तर करंट निम्मा होतो आणि त्याच केबलमध्ये उष्णता चौथाईवर येते. का, ते कागद न घेता सांगता आलं की पुढे सरका.

प्रोबॅबिलिटी मात्र ऑप्शनला टाकू नका. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल ७० टक्के भरलेला असो की ४० टक्के, व्होल्टेजमध्ये फरक नावालाच. त्यामुळे व्होल्टेजवरून सेल किती भरलाय ते कळत नाही. मग बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, करंट मोजून हिशेब ठेवते, सेन्सरची बारीक चूक साचत जाते आणि ती आवरायला काल्मन फिल्टर, म्हणजे चुका असलेल्या मोजमापांतून खऱ्या आकड्याचा अंदाज काढणारी गणिती पद्धत, लागतो. तिथे मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी दोन्ही येतात.

मॅटलॅब किंवा पायथन, जे येत असेल त्यात एक गाडी उभी करा: वजन, हवेचा रोध, टायरचा रोध. तिला डब्ल्यूएलटीपी या गाड्यांच्या प्रमाणित चाचणीच्या १८०० सेकंदांच्या सायकलवर (कोणत्या सेकंदाला किती वेग, हा ठरलेला तक्ता) पळवा आणि किलोमीटरला किती वॉट-तास लागले ते काढा. कोर्सच्या दहा सर्टिफिकेटांपेक्षा मला हे वजनदार वाटतं.

अभ्यासक्रमाच्या नावातला ‘शाश्वत वाहतूक’ हा भाग बहुतेक जण वाचतच नाहीत. वीज कशापासून तयार होते, बॅटरी बनवतानाचं उत्सर्जन किती, आणि तोच प्रवास बसने झाला तर काय, हे धरून लाइफ सायकलचा, म्हणजे गाडी बनण्यापासून मोडीत निघेपर्यंतच्या उत्सर्जनाचा, एखादा हिशेब स्वतः मांडून बघा. उत्तर चुकलं तरी गृहीतकं कळतात.

कागदपत्रं, शिफारसपत्रं वगैरे वेळेत मागा, एवढंच.

राहिली लॅबची सवय. गाडीत ६० व्होल्ट डीसीच्या वर सगळं हाय व्होल्टेज धरतात. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. सर्व्हिस प्लग (बॅटरीचं सर्किट तोडणारा प्लग) काढल्यावरही इन्व्हर्टरचा (बॅटरीच्या डीसीचं मोटरसाठी एसी करणारा भाग) कपॅसिटर काही वेळ भरलेला राहतो. मीटरवर शून्य दिसेपर्यंत हात लावायचा नाही. आणि ते मीटर चालतंय का, हे आधी चालू सप्लायवर लावून बघायचं.