उन्हाळी भाजीपाला: तोडणीपासून गाडीपर्यंत

ऊन तापायला लागलं की मार्केटात पोचलेला माल सुकलेला, मऊ पडलेला निघतो आणि बोल लागतो गाडीवाल्याला. पण बऱ्याचदा माल गाडीत चढायच्या आधीच अर्धा गेलेला असतो. तोडलेलं फळ श्वास घेतच असतं, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की त्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. बांधावर उन्हात राहिलेल्या क्रेटचं टिकाऊपण तिथेच खर्च होतं. नंतर शीतगृहात ठेवलं तरी गेलेलं परत येत नाही.

म्हणून तोडणी पहाटे धरा आणि ऊन चढायच्या आत आटपा. पालेभाजीला आदल्या संध्याकाळी हलकं पाणी दिलं की सकाळी पानं तरारलेली मिळतात. दव मात्र ओसरू द्या. ओल्या पानांची जुडी करकचून बांधली तर मधोमध काळी पडते. फवारणी आणि तोडणी यांच्यात औषधाच्या लेबलवर सांगितलेलं अंतर ठेवायचंच. ते दिवस फवारतानाच मोजून ठेवा.

भरलेला क्रेट लगेच सावलीत न्या. झाडाखाली थप्पी लावणार असाल तर सावली सरकते हे ध्यानात असू द्या. सकाळी सातला सावलीत असलेला माल दहा-अकराला उन्हात येतो. त्यापेक्षा चार बांबू रोवून शेडनेट ताणलेलं बरं. गाडी भरण्याआधी क्रेटच्या मधल्या थरात हात घालून बघा. वरचं फळ गार आणि आतलं कोमट लागलं, तर थप्प्यांमध्ये जागा सोडून अजून तासभर वारा लागू द्या. वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगलं तर कोरड्या हवेत चांगला फरक पडतो.

घाईने तापलेले टोमॅटो थंड पाण्याच्या हौदात मात्र ओतू नका. आतली हवा आकसते, देठाच्या खळग्यातून फळ पाणी ओढतं आणि पाण्यातले जंतूही आत शिरतात. वरून चकचकीत दिसणारा माल मग देठाकडून सडायला लागतो.

क्रेट काठापासून दोन बोटं रिकामा ठेवा, नाहीतर वरच्या क्रेटचा भार थेट फळांवर येतो. पिकलेली केळी, पपई, टोमॅटो यांच्यातून इथिलीन वायू सुटतो. शेजारची काकडी आणि पालेभाजी त्याने पिवळी पडते. ही जोडी एका गाडीत नकोच.

शीतगाडी मिळाली तरी सगळ्या मालाला एकच थंडी चालत नाही. पालेभाजी 0 ते 2 अंशांत छान राहते, पण हिरवी केळी 13 अंशांच्या खाली गेली की साल काळवंडते. शिवाय शीतगाडी गार माल गार ठेवते. तापलेला माल गार करायचं तिचं काम नव्हे.

साध्या गाडीत मागच्या चाकांच्या मागे धक्के जास्त बसतात, तेव्हा नाजूक माल केबिनकडे ठेवा. ताडपत्री फिकट रंगाची घ्या आणि मालाला चिकटवून न बांधता वीतभर पोकळी सोडून ताणा.

आणि प्रत्येक खेपेतला एक क्रेट घरी सावलीत ठेवून द्या. मार्केटातून तक्रार आली की तो उघडा. तोही खराब निघाला तर चूक तोडणी-हाताळणीत शोधा. तो टवटवीत असेल, तर मग गाडीवाल्याशी बोला.