थर चढवायला बसायच्या आधी एवढं जमवून ठेवा

सगळ्यात आधी थराथराच्या चित्राचं बूड, म्हणजे खालचा पाया. कागद, कपडा, रंग, माती सगळं एकावर एक बसवायचंय, साध्या ड्रॉइंगशीटनं भागत नाही, ओल लागली की ती वाकते, त्यापेक्षा सुताराकडून प्लायचा उरलेला तुकडा घ्या नाहीतर 300 जीएसएमचा म्हणजे चांगला जाड कागद, अन् त्याला जेसोचे, म्हणजे रंगाखाली लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात मारा, एक आडवा एक उभा, दोन हातांच्या मधात पुरतं वाळू द्या.

मग चिकटवायचे कागद. माझं चित्र वावराचं होतं म्हणून मी बाबांची कापसाची जुनी काटापट्टी, म्हणजे वजनकाट्यावर मिळणारी चिठ्ठी, सरळ फेव्हिकॉल लावून चिकटवली, वरून ओला ब्रश फिरला अन् शाईनं लिहिलेलं वजन, भाव सगळं निळं पाणी होऊन वाहून गेलं, ती पट्टी आता कुठून आणू, अजून जीव हळहळतो. घरची कोणतीही चिठ्ठी असो, झेरॉक्स काढूनच वापरा, झेरॉक्सचा टोनर पाण्यानं पसरत नाही, इंकजेटची प्रिंट पसरते. पेपरची कात्रणं पिवळी पडणार हे धरूनच घ्या, पिकासो अन् ब्राक या चित्रकारांनी 1912 मध्ये चित्रात कागद चिकटवायला घेतले, त्यातले पेपरचे तुकडे आज तपकिरी झालेत.

बारदाना धुऊन कडक उन्हात वाळवा, धूळ राहिली तर फेव्हिकॉल धुळीलाच धरतो. कापूस लावणार असाल तर सरकी काढा, तिच्यात तेल असते. गेरू वस्त्रगाळ करून अ‍ॅक्रेलिक मिडियममध्ये, म्हणजे अ‍ॅक्रेलिकच्या बिनरंगी चिकात, कालवा, तो टिकतो. हळद अन् पळसाच्या फुलांचा रंग लय सुंदर दिसतो पण उन्हानं उडतो. तेलखडू बाजूला ठेवा, ते सगळ्यात शेवटी, त्यांच्यावर अ‍ॅक्रेलिक धरतच नाही.

वेळही यादीत लिहा. झड लागली असली तर थर लवकर वाळत नाही, बोटाची पाठ लावून पहा, गार लागला म्हणजे आत ओल आहे, थांबा. मे महिन्यात उलट, रंग ब्रशवरच सुकतो, पाण्याचा डबा जवळ पाहिजे.

अन् खालचं काय दिसत राहिलं पाहिजे ते आधीच ठरवा, मोबाईलवर फोटो काढून त्यावर गोल करा, नाहीतर हाताच्या भरात सगळं झाकून जाते. पांढऱ्या रंगाचा पातळ हात मारताना सुती फडकं हातातच असू द्या, ओला असतानाच पुसलं की खालची अक्षरं पाहिजे तेवढीच वर येतात.