सबवूफर कुठे ठेवायचा?

सबवूफर म्हणजे फक्त खालचे, खर्जातले सूर (बास) वाजवणारा स्पीकरचा डबा. त्याचं तोंड कुठे, यावर डोकं शिणवू नका. ८० हर्ट्झची (सेकंदाला ८० कंपनांची) ध्वनिलहर सुमारे ४.३ मीटर लांब असते, म्हणजे डब्यापेक्षा कितीतरी मोठी; ती सगळीकडे सारखीच पसरते. डबा फिरवून फरक नगण्यच. जागा मात्र सगळं ठरवते.

माझी खोली १२ फूट लांब. तिथे ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींपाशी घुमतो आणि मधोमध बसलं की जवळजवळ गायब! म्हणून सोफा मध्यावरून सरकवाच.

कोपऱ्यात बास वाढतो, पण घुमाराही. त्यापेक्षा सबवूफर तात्पुरता सोफ्यावर ठेवा, बास गिटारचं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने चक्क रांगत ऐका. जिथे प्रत्येक सूर सारखा, सुटा ऐकू येईल, तीच त्याची जागा. मग सबवूफर तिथे ठेवून फेजचं बटण (त्याची लहर बाकी स्पीकरांच्या लहरीशी जुळवणारं) ० आणि १८० अंशांवर फिरवून पाहा. सोफ्यावर भरदार वाटेल ते ठेवा.