वजन कमी करताना या चुका टाळा: भुकेशी भांडण सोडल्यावर कळलेल्या गोष्टी

सकाळी मी अगदी शिस्तीत असायचो. नाश्ता नाही, दुपारी वाडगाभर कच्च्या भाज्या, गोडाकडे बघायचंसुद्धा नाही. रात्री साडेअकराला घरातले सगळे झोपले की दिवा न लावता मी फ्रीज उघडून उभा. पहिले चार घास भुकेचे असत. त्यानंतर चव कळत नसे, पोट भरल्याचं कळत नसे, नुसता हात चालू. झोपताना ठराव तोच: उद्यापासून कडक. अशी पाच वर्षं गेली.

त्या पाच वर्षांत वजन उतरलंच नाही असं नाही. दोनदा आठ-नऊ किलो उतरलं आणि दोन्ही वेळा व्याजासकट परत आलं. दर वेळी मी स्वतःला एकच कारण दिलं, की माझ्यात निग्रह नाही. आता वाटतं, निग्रह भरपूर होता, तो भलत्याच ठिकाणी खर्च होत होता. तुम्ही आत्ता त्याच चक्रात असाल, तर हे तुमच्यासाठी लिहितो आहे.

दिवसभर भूक मारणं

बाकीच्या चुका पुढे येतीलच, पण एकच दुरुस्त करायची असेल तर ही करा.

१९४४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग सुरू केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाण्यावर कसं आणायचं, हे त्यातून शोधायचं होतं. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले हे तरुण स्वतःहून पुढे आले होते. २४ आठवडे त्यांना नेहमीच्या साधारण निम्म्या आहारावर ठेवलं आणि त्यांचं वजन जवळपास एक चतुर्थांशाने घटलं. पण मला हलवून गेलं ते त्यांच्या मनाचं वर्णन. ते दिवसभर खाण्याबद्दलच बोलू लागले. ज्यांना स्वयंपाकात कधी रस नव्हता ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, कृती जमवू लागले. ताटल्या चाटून पुसून खाऊ लागले. चिडचिड वाढली, बाकी कशातच मन लागेना. पुन्हा पोटभर अन्न मिळायला लागल्यावरही अनेकांची भूक कित्येक आठवडे शमली नाही. पोट तुडुंब भरलं तरी आणखी हवंसं वाटायचं.

हा 'उपासमारीचा' आहार दिवसाला साधारण १,६०० कॅलरींचा होता. आज १,२०० कॅलरींचे तक्ते वजन कमी करण्याचा साधा उपाय म्हणून सर्रास फिरतात. ते तरुण मुळात सडपातळ होते आणि त्यांना बरंच चालायलाही लागायचं, त्यामुळे त्यांचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरीही रात्रीचा माझा हात कोण चालवत होतं, याचं उत्तर मला तिथे सापडलं. शरीराला टंचाई जाणवली की ते मनाला अन्नाच्या मागे लावतं.

हे कसं घडतं, त्याचे काही धागे पुढे हाती लागले. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला लेप्टिनचं जनुक सापडलं. चरबीच्या पेशी हे संप्रेरक सोडतात आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतात. चरबी घटली की लेप्टिन घटतं, मेंदू भूक वाढवतो आणि शरीराच्या ऊर्जेच्या खर्चाला कात्री लावतो. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी घ्रेलिन हे भूक वाढवणारं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरातून येतं, जेवणाआधी चढतं, आणि वजन उतरलेल्या माणसात आधीपेक्षा चढंच राहतं. म्हणजे तुम्ही जितकं कडक वागाल तितकी समोरची बाजूही कडक होते.

दुरुस्ती ऐकायला उलटी वाटेल: आधी कमी खाऊ नका, आधी वेळेवर खा. तीन जेवणं, मध्ये एक-दोनदा थोडं काही, आणि दोन खाण्यांत चार तासांहून फार अंतर नको. ताबा सुटून खाण्याचा विकार असलेल्यांवर जे वर्तनोपचार करतात, त्यातही सुरुवातीची पायरी हीच असते. जेवणात प्रथिनं ठळकपणे हवीत. डाळी-कडधान्यं, अंडी, दूध, मासे, जे तुम्ही खाता ते. भाज्या, फळं आणि अख्खी धान्यं हवीत, कारण तंतुमय अन्नाने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि पहिले पंधरा दिवस वजन कमी करण्याचा विचार बाजूला ठेवा. मला हेच सगळ्यांत जड गेलं. नाश्ता केला की दिवस हातचा गेला असं वाटायचं. पण बाराव्या की तेराव्या रात्री लक्षात आलं, की मी फ्रीजपाशी गेलो होतो ते फक्त पाणी प्यायला.

पदार्थांना पापी आणि पुण्यवान ठरवणं

१९७५ च्या एका प्रयोगात काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही, आणि मग चव पाहण्याच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम समोर ठेवलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर कमी आइस्क्रीम खाल्लं. पोट भरलं होतं, सरळ हिशोब. ज्या कायम डाएटवर असायच्या त्यांचं उलटं झालं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी न प्यायलेल्यांपेक्षा जास्त आइस्क्रीम खाल्लं. पीटर हर्मन आणि जेनेट पोलिवी या मानसशास्त्रज्ञांनी पुढे या वागण्याला जे इंग्रजी नाव दिलं त्याचं मराठी 'जाऊ दे खड्ड्यात' असं होईल. नियम मोडलाच आहे, तर आता सगळंच खाऊन घेऊ.

हे वाक्य तुम्ही मनात किती वेळा म्हटलं आहे? मी तर एका बिस्किटावरून म्हणायचो. एका बिस्किटाने वजन वाढत नाही. त्या बिस्किटानंतर 'आता उद्यापासूनच' म्हणून संपवलेल्या पुड्याने वाढतं. आणि तो पुडा संपवायला लावतो तो नियम.

म्हणून 'कायमचं बंद' ही यादी फाडून टाका. आवडीचा पदार्थ आठवड्यात ठरवून खा. ताटलीत घेऊन, बसून, जेवणानंतर, उजेडात. भुकेल्या पोटी आणि उभ्याने नको. सुरुवातीला भीती वाटते की एकदा सूट दिली तर आपण थांबणारच नाही. पहिल्या काही वेळा थोडं जास्त खाल्लंही जातं. पण उद्याही मिळणार आहे हे एकदा मनाला पटलं, की घाई ओसरते. ॲलर्जी असेल किंवा डॉक्टरांनी पथ्य दिलं असेल, तर ते अर्थातच पाळायचं.

याचा अर्थ सगळे पदार्थ सारखेच असा नाही, आणि तसं सांगणाऱ्यांचं मला पटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २० जणांना दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न दिलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. समोर ठेवलेल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू सगळं जुळवलेलं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर लोकांनी दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं. तेव्हा 'हा पदार्थ सहज जास्त खाल्ला जातो' ही उपयोगाची माहिती आहे. तो रोजच्या ताटाचा मुख्य भाग नसावा, एवढं तिच्यावरून ठरवता येतं. 'हा पदार्थ खाणारा मी वाईट' हे मात्र त्या माहितीत कुठेच नाही.

काट्याला रोज निकाल मागणं

यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा उतरतो, पाणी जातं, आणि पहिल्याच आठवड्यात दोन किलो 'गेले' असं दिसतं. नीट जेवलात की परत येतात. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. कालच्या एका जेवणाने ती तयार होणं शक्य नाही. खारट खाणं, मासिक पाळी, नव्याने सुरू केलेला व्यायाम, पोट साफ न होणं, यांतल्या कशानेही काटा किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो.

रोज वजन करायचंच असेल तर आठवड्याची सरासरी काढा आणि महिन्यामहिन्याची तुलना करा. आकडा पाहून तुमची सकाळ नासत असेल, तर काटा कपाटावर टाका आणि कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजा.

आपण किती खातो याचा अंदाज, आणि का खातो याचा

१९९२ मधल्या एका प्रसिद्ध अभ्यासात 'आम्ही १,२०० कॅलरींपेक्षा कमी खातो तरी वजन हलत नाही' असं सांगणाऱ्या दहा जणांची अचूक मोजणी केली. त्यांचं चयापचय ठीक होतं. त्यांनी खाणं प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. हा आकडा लोक एकमेकांना खोटं पाडायला वापरतात, ते मला फार लागतं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. उभ्या उभ्या खाल्लेलं, मुलांच्या ताटातलं उरलेलं, चव पाहताना तोंडात टाकलेलं आठवतच नाही.

एक आठवडा वहीत लिहून बघा, पण कॅलरींचे रकाने आखू नका. वेळ, काय खाल्लं, तेव्हा भूक शून्य ते दहापैकी किती, आणि मन कसं होतं, एवढंच. ज्यांना आधीच आकड्यांचं वेड लागलेलं आहे किंवा पूर्वी खाण्याचा विकार झालेला आहे, त्यांनी हेही तज्ज्ञाच्या मदतीशिवाय करू नये.

माझ्या वहीत दुसऱ्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली. रात्रीचं खाणं दोन कारणांचं मिळून होतं. एक, दिवसभराची खरी भूक. ती जेवणाने गेली. दुसरं कारण मला कधी सुचलंच नव्हतं. साडेअकरा ही दिवसातली एकमेव वेळ होती जेव्हा कुणाला माझ्याकडून काही नको असायचं. मी फ्रीजपाशी निवांतपणा खात होतो. त्यावर ताबा मिळवण्याचे उपाय शोधण्यात अर्थ नव्हता. नऊ वाजता अर्धा तास दार लावून बसायची सोय करून घेतली, घरच्यांना स्पष्ट सांगितलं, आणि ते पुरलं. तुमचं कारण वेगळं असेल. कंटाळा, राग, एकटेपणा. त्याला त्याच्या नावाने ओळखलं तर उपायही त्याचाच करता येतो.

व्यायाम म्हणजे दंड, झोप म्हणजे चैन

खाल्लेलं 'जाळायला' धावणं मी पुष्कळ केलं. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, कारण त्यानंतर भूक वाढते आणि उरलेल्या दिवसात आपण नकळत कमी हलतो. उतरलेलं टिकवायला आणि स्नायू राखायला मात्र तो लागतोच. म्हणून जो प्रकार वर्षभर कराल तोच निवडा, आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारं काही ठेवा.

झोपेबद्दल थोडक्यात: २०२२ मध्ये ८० जाड व्यक्तींवर झालेल्या एका प्रयोगात कमी झोपणाऱ्यांची झोप रोज तासाभराहून थोडी वाढवली. खाण्याबद्दल त्यांना काहीही सांगितलं नव्हतं. त्यांचं खाणं दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटलं.

लग्नाच्या फोटोतलं वजन हेच ध्येय धरणं

अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, ध्येय होतं वजनाच्या ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल. हे ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. नव्वद किलोच्या माणसाला ७ टक्के म्हणजे साडेसहा किलोच्या आतबाहेर. आरशात फार फरक दिसत नाही, रक्तात दिसतो. मी सध्या याच्याच आसपास आहे आणि तीन वर्षं तिथेच आहे.

सगळं स्वतःवरच ओढवून घेणं

थायरॉइड मंदावणं, पीसीओएस (बायकांमधला संप्रेरकांच्या असंतुलनाचा विकार), स्टिरॉइड, काही मानसिक आजारांवरची आणि फिट्सवरची औषधं, इन्सुलिन, यांनी वजन वाढू शकतं किंवा उतरणं अवघड होतं. औषध मनाने बंद करू नका, पर्याय विचारा. सेमाग्लुटाइडसारख्या नव्या इंजेक्शनांनी भूक खरोखर कमी होते आणि ती घेणं म्हणजे हार नव्हे. पण एका मोठ्या अभ्यासात ती थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, तेव्हा किती काळ घ्यायची हे आधीच बोलून घ्या.

थोड्या वेळात खूप खाणं, थांबता न येणं, नंतर लाज आणि किळस, हे तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होत असेल, तर तो बिंज ईटिंग डिसऑर्डर असू शकतो. २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. खाल्लेलं उलटी करून काढत असाल, तर वाट पाहूच नका.

मी डॉक्टरांकडे चार वर्षं 'वजन वाढतंय' एवढंच सांगत राहिलो आणि दर वेळी आहाराचा तक्ता घेऊन परत आलो. पाचव्या वर्षी दारापाशी गेल्यावर मागे वळलो आणि म्हणालो, "मी रात्री लपून खातो आणि मला थांबता येत नाही." डॉक्टरांनी तक्ता बाजूला ठेवला आणि विचारलं, "दुपारी काय खाता?"