करवान कुत्र्यांची (आपल्याकडची सडपातळ, वेगवान शिकारी जात) ब्रीडिंग करताय? मग घाई करू नका

मादी हीटवर आली की जवळचा जो नर मिळेल त्याच्याशी जोडी लावून मोकळं व्हायचं, असं करू नका हो. सोलापूर, सांगली, लातूरकडे करवान पाळणारे भरपूर आहेत, पण चांगलं रक्त टिकलंय ते नर पारखून घेणाऱ्यांमुळेच. नुसता रंग आणि उंची बघू नका, नर मोकळ्या रानात पळवून बघा, थांबल्यावर लंगडतो का, अनोळखी माणूस जवळ आला की काय करतो ते बघा. करवान लाजरा असतो, चालतंय, पण भित्रा आणि चावरा नर अजिबात नको, ते पिल्लांत उतरतं. बाप-लेक, भाऊ-बहीण जोडी तर नकोच. दोघांची ब्रुसेला टेस्ट आधी करा, हा आजार मेटिंगमधून पसरतो आणि मादी गाभ टाकते.

केंद्राचे २०१७ चे नियम आहेत, मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय नाही, ८ वर्षांनंतर नाही आणि आयुष्यात जास्तीत जास्त ५ वेत. मी तर म्हणेन दोन वर्षांची होऊ द्या.

रक्त दिसलं तो पहिला दिवस धरा, साधारण ९ ते १४ दिवसांत मादी शेपूट बाजूला करून उभी राहते, पण प्रत्येकीचं वेगळं असतं म्हणून जमलं तर डॉक्टरांकडून प्रोजेस्टेरॉन टेस्ट (रक्तातल्या हार्मोनची तपासणी) करा. मेटिंगनंतर साधारण ६३ दिवसांनी व्यायते. शेवटच्या महिन्यात नुसत्या दूध-भाकरीवर भागत नाही, अंडी-चिकन द्या, पण कॅल्शियमच्या गोळ्या मनाने अजिबात सुरू करू नका, व्यायल्यावर उलट तिचंच कॅल्शियम घसरून झटके येऊ शकतात.

दिवस भरत आले की रोज टेंपरेचर घ्या. एरवी १०१-१०२ फॅरनहाइट असतं, ते ९९ च्या खाली आलं की बहुतेक २४ तासांत व्यायते. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू येत नसेल, किंवा पहिलं पिल्लू यायच्या आधीच हिरवं पाणी गेलं तर थांबू नका, थेट डॉक्टर गाठा. सिझेरियनची वेळ आलीच तर हा साइटहाउंड (नजरेने शिकार हेरून पळणारा सडपातळ कुत्रा) आहे हे सांगा, अंगावर चरबी नसल्यामुळे भुलीची काही औषधं यांना जड जातात.

पिल्लांना लगेच चीक पाजा, ऊब द्या आणि किचनच्या काट्यावर रोज वजन करा, वजन वाढत नसेल तर काहीतरी बिघडलंय. दोन आठवड्यांपासून डीवर्मिंग (जंतांचं औषध), सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं गोठ्याच्या कोपऱ्यात बांधून ठेवू नका, घरात आणा, मिक्सरचा आवाज, बाइक, लहान पोरं, पाव्हणे सगळं कानांवरून, डोळ्यांखालून जाऊ द्या, करवानचा बुजरेपणा इथेच कमी होतो. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, तोही नियम आहे. आणि घेणाऱ्याला विचारा, पळायला जागा आहे का, कंपाउंड किती उंच आहे, शेजारी कोंबड्या-शेळ्या आहेत का. उत्तर पटलं नाही तर पैसे कितीही देऊ दे, पिल्लू देऊ नका.