उपकरणामुळे इजा झाली? नोंदवताना या चुका टाळा

वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या इजांचे फॉर्म मी रोज वाचते. त्यात 'उपकरण टाकून दिले' हे वाक्य दिसलं की कपाळावर हात मारून घेते. अहो, मग आम्ही तपासायचं काय?

एकदा एकाच रुग्णालयातून भाजल्याच्या तीन नोंदी आल्या. तिन्ही ऑपरेशननंतरच्या, तिन्ही मांडीवर. उपकरणाच्या रकान्यात 'कॉटरी मशीन', म्हणजे ऑपरेशनमध्ये विजेच्या करंटने कापणारं आणि रक्तस्राव थांबवणारं यंत्र. मशीन तपासायला गेलं, ठणठणीत निघालं, परत आलं आणि चौथा रुग्ण भाजला. या वेळी थिएटरच्या सिस्टरांनी मांडीला लावलेलं, करंट मशीनकडे परत नेणारं जेलचं पॅड जपून ठेवलं होतं. त्याचं जेल कडेने वाळून पापुद्र्यासारखं झालेलं. सकाळी घाई नको म्हणून पाकिटं आदल्या रात्रीच फोडून ठेवायचा तिथला शिरस्ता! जेल वाळलं की पॅड नीट चिकटत नाही, करंट थोड्याशाच जागेतून जातो आणि तिथली कातडी भाजते. दोन मिनिटं वाचवायला चार मांड्या भाजल्या, आणि आम्ही मशीनच्या मागे.

तेव्हापासून माझा हट्ट एकच: वस्तू न धुता, न गळणाऱ्या पिशवीत, पाकिटासकट ठेवा. लेबलवरचा यूडीआय (उपकरणाचा ओळख क्रमांक) आणि लॉट नंबर हाताने उतरवू नका, फोटो काढा. शून्य आणि 'ओ' यांच्या गोंधळात मी पुष्कळ दुपारी घालवल्या आहेत.

'वापरणाऱ्याची चूक' असा शिक्का मारून फाईल मिटवू नका. तीच चूक चार जण करत असतील तर दोष पाकिटाच्या रचनेत किंवा सूचनांत असू शकतो.

नव्यांचा आवडता उद्योग म्हणजे नोंदी मोजून 'हा सलाईनचा पंप त्या पंपापेक्षा दुप्पट धोकादायक' असं जाहीर करणं. वापरात पंप किती, हे माहीत नाही. नोंदवलंच नाही असे प्रसंग किती, तेही नाही. मग दर काढता कसला? औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेचा 'मॉड' हा नोंदींचा डेटाबेस सर्वांसाठी खुला आहे, पण नुसत्या त्या आकड्यांवरून प्रमाण ठरवू नका, असं एफडीए स्वतःच बजावते. शिवाय एखादं उपकरण परत मागवल्याची बातमी आली की जुने प्रसंगही आठवून आठवून नोंदवले जातात. आलेख चढतो, इजा तेवढ्याच असतात.

घटनेची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळी लिहा. रुग्णालय आणि उत्पादक दोघांनी कळवलेला प्रसंग एकच धरा. थोडक्यात टळलेलंही कळवा. ते पॅड कुणी लावण्याआधीच बाजूला ठेवलं असतं, तरी मला त्याचा फॉर्म हवाच होता.