सिंगापूर क्रूझ, स्वीट केबिन आणि सोबत आजी-आजोबा : या चुका टाळा

मुंबई-पुण्याकडची कुटुंबं सिंगापूरहून तीन-चार रात्रींची क्रूझ ठरवतात आणि आजी-आजोबा सोबत असतात, तेव्हा हमखास कोणीतरी म्हणतं, "एकदाच जायचंय, तर स्वीटच घेऊ." (स्वीट म्हणजे suite, जहाजावरची मोठी, जादा सोयींची खोली.) घ्या की. पण जादा पैसे मोठ्या खोलीसाठी मोजत असाल तर हिशेब चुकतोय, कारण जहाजावर दिवसभर खोलीत बसतं कोण? स्वीटचे पैसे वसूल होतात ते रांगा वाचल्यावर, दुसरं बाथरूम मिळाल्यावर आणि काही अडलं की दाद लावणारा ठरलेला माणूस असल्यावर. यातलं काहीच पदरात पडत नसेल तर साधी बाल्कनी केबिन बरी.

नाव बघून बुकिंग करणं

एकाच जहाजावरच्या दोन स्वीटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. रॉयल कॅरिबियनच्या 'अँथम ऑफ द सीज'सारख्या जहाजांवर सी, स्काय आणि स्टार असे तीन स्तर असतात. ज्युनियर स्वीट सगळ्यात खालच्या, म्हणजे सी स्तरात येतो. खोली मोठी, बाल्कनी मोठी, रात्रीचं जेवण 'कोस्टल किचन'मध्ये. पण कॉन्सिअर्ज, म्हणजे स्वीटवाल्यांची कामं बघणारा माणूस, नाही. तो स्कायपासून मिळतो, आणि सगळी उठाठेव करणारा 'जिनी' फक्त स्टारमध्ये. 'गेंटिंग ड्रीम'वर 'द पॅलेस' नावाचा वेगळाच विभाग आहे; तिथे बटलर, स्वतंत्र रेस्टॉरंट आणि स्वतंत्र पूल असतो.

म्हणून एजंटला फोनवर विचारून भागत नाही. केबिनचा नेमका प्रकार, बाथरूम किती, चढताना वेगळी रांग आहे का, कॉन्सिअर्ज आहे का, हे ईमेलवर लिहून घ्या. "सगळं इन्क्लूडेड आहे सर" या वाक्याला जहाजावर कोणी विचारत नाही.

आजींचं जेवण हा वेगळाच मुद्दा. स्वीटवाल्यांचं खास रेस्टॉरंट ऐटदार असतं, पण मेनू छोटा. चार पदार्थांतले तीन मासे-मटणाचे निघाले की आजी ब्रेडला लोणी लावून उठतात. भारतीय आणि शाकाहारी जेवण मुख्य डायनिंग रूममध्ये आणि बुफेत जास्त सापडतं. जैन किंवा बिनकांदा-लसणाचं हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा सांगा. कॉन्सिअर्ज किंवा बटलर असेल तर हे काम त्याच्या गळ्यात घाला.

माणसं मोजणं, बाथरूम न मोजणं

'चार जणांसाठी' लिहिलेल्या स्वीटमध्ये चौघं मावतात, खोटं नाही. फक्त त्यातली दोघं सोफ्याचा पलंग करून झोपतात आणि बाथरूम बहुतेकदा एकच असतं. बंदराच्या दिवशी सकाळी साडेसातला सगळ्यांना तयार व्हायचंय, आजोबा वर्तमानपत्राशिवायही वीस मिनिटं आत, बाहेर नातू पाय आवळून उभा. त्यापेक्षा मधल्या दाराने जोडलेल्या दोन बाल्कनी केबिन घेतल्या तर दोन बाथरूम मिळतात, आणि बऱ्याचदा एका मोठ्या स्वीटपेक्षा स्वस्तात. केबिन शेजारी-शेजारी असल्या तर काही जहाजांवर बाल्कनीमधली फळीसुद्धा स्टुअर्ड (केबिनची साफसफाई बघणारा) उघडून देतो. मला विचाराल तर सहा माणसांच्या कुटुंबाने आधी हा पर्याय बघावा, मग स्वीटचा.

लहान बाळ 'मोजण्यात धरत नाहीत' असं समजू नका. लाइफबोटमधल्या जागेमुळे प्रत्येक केबिनची माणसं ठरलेली असतात, त्यात बाळही येतं. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि प्रवास संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागणार असेल तर गरोदर बाईलाही नाही.

अपग्रेडसाठी, म्हणजे घेतलेल्या केबिनऐवजी वरची केबिन मिळवायला, बोली लावणारेही फसतात. बोलीची रक्कम सहसा माणशी असते, म्हणजे दोघांची दुप्पट. जिंकलात तरी खोली कुठली ते कंपनी ठरवते, आणि वर फक्त तुमचं बुकिंग जातं. आजी-आजोबांचं बुकिंग वेगळं असेल तर ते चार मजले खालीच राहतात.

सगळ्यात वरचा, सगळ्यात पुढचा स्वीट

वरच्या मजल्यावर आणि जहाजाच्या दोन्ही टोकांना हेलकावे जास्त जाणवतात. नेमके बरेच स्वीट तिथेच असतात. कोणाला गाडी लागत असेल तर डेक प्लॅन (जहाजाच्या मजल्यांचा नकाशा) उघडून मधल्या भागातली खोली शोधा, आणि डोक्यावर पूलचा डेक नाही ना तेही बघा. तिथे भल्या पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू होतो. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा. ती त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. सोबतीला आलेपाकाच्या वड्या.

व्हिसा आणि कार्डं

जहाज मलेशियातल्या पेनांगला किंवा थायलंडमधल्या फुकेतला जाऊन सिंगापूरला परत येतं, म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते प्रत्येकाच्या कागदावर तपासा; एकाचा बघून बाकीचे गृहीत धरू नका. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं, आणि क्रूझहून परतताना नवं. ते सरकारी साइटवर फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. मलेशियाचं वेगळं डिजिटल कार्ड आहे, आणि 1 मे 2025 पासून थायलंडचंही. दोन्ही देशांचे भारतीयांसाठीचे व्हिसानियम अलीकडे बदलत आलेत, त्यामुळे शेजारी गेल्या वर्षी कसे गेले त्यावर विसंबू नका.

विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, आणि चेक-इन जहाज सुटायच्या बरंच आधी बंद होतं. क्रूझ टर्मिनलही दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीत बसण्याआधी तिकिटावर बघा.

बॅगेत काय निघतं

इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, छोटी इंडक्शन शेगडी, एक्स्टेन्शन बोर्ड : आपल्याकडच्या बॅगांमध्ये यातलं एक तरी असतंच. आगीच्या भीतीने जहाजावर या वस्तू काढून घेतात आणि उतरताना परत देतात. स्वीट असला तरी सूट नाही. गंमत म्हणजे यामुळे अख्खी बॅग अडकून राहते आणि संध्याकाळी आठपर्यंत खोलीत येत नाही. म्हणून औषधं, पासपोर्ट, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत.

फराळ नेताना अनारसे घरी ठेवा. सिंगापूरमध्ये खसखशीवर अमली पदार्थांच्या कायद्याखाली निर्बंध आहेत. करंजीच्या सारणातही ती असते. गुटखा आणि खायच्या तंबाखूवर तर सरळ बंदी. आजोबांची डबी मुंबई विमानतळावरच काढून घ्यावी लागेल, मग चिडले तरी चालेल.

जहाजावर चढल्यावर

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. जमीन लांब गेली की फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि सिंगापूरचं रोमिंग पॅक तिथे सहसा चालत नाही. वाय-फाय जहाजाचंच घ्या. वरच्या स्वीटमध्ये ते फुकट आहे का ते विकत घेण्याआधी विचारा.

फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. जहाज मात्र सिंगापूरच्याच वेळेवर चालत असेल, तर किनाऱ्यावर मोबाइल आपोआप थाई वेळ दाखवतो आणि तुम्हाला वाटतं, अजून तासभर आहे. उतरताना जहाजाची वेळ मनगटी घड्याळात लावून घ्या. तिथे मोठी जहाजं पातोंगच्या समोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीने जावं लागतं. हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो, गुडघेदुखी असेल तर आदल्या दिवशीच विचार करा. कंपनीची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही बाहेर ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

सुरक्षेची कवायत सगळ्यांना सक्तीची आहे, बटलरवाल्यांनाही. नातवाला पूलमध्ये डायपरवर सोडता येत नाही, पोहण्याचा डायपर असला तरी बहुतेक जहाजांवर नाहीच.

खोलीत काही बिघडलं, एसी गार होत नाही, कमोड तुंबला, तर पहिल्याच संध्याकाळी तक्रार करा. स्टुअर्ड, मग कॉन्सिअर्ज, मग गेस्ट सर्व्हिस, या क्रमाने. आणि मोबाइलवर फोटो. शेवटच्या दिवशी केलेल्या तक्रारीवर फक्त "सॉरी" मिळतं.

बिलाचंही तसंच. टिप माणशी, रोजची, आणि मुलांचीही लागते. स्वीटमध्ये दर जास्त असतो. रॉयल कॅरिबियनने 2023 च्या अखेरीस तो स्वीटसाठी 20.50 डॉलर केला होता. त्या दराने चौघांचे चार रात्रींचे 328 डॉलर झाले. ती आधीच भरली आहे का ते एजंटकडून कळून घ्या, नाहीतर दोनदा जाईल. खर्च शेवटच्या रात्री टीव्हीवर किंवा अ‍ॅपवर बघा, नातवाने मिनीबारमधून काढलेले कोकचे कॅन त्यात दिसतीलच. सकाळी गेस्ट सर्व्हिससमोर शंभर माणसांची रांग असते. कॉन्सिअर्ज असेल तर रात्रीच त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या.